काच बसवण्याआधीची चक्कर

राजानं नवी बोट ट्रेलरवरून ओढत आणून वर्कशॉपच्या दारात उभी केली, तेव्हा वहिनी अ‍ॅक्रिलिकच्या शीटची कड घासत बसली होती. तिनं मान वर केली नाही. आपल्या धाकट्या दिराची चाहूल तिला गाडीच्या आवाजावरूनच लागली होती.

"वहिनी, काच बसवायची आहे," राजा उतरता उतरता म्हणाला. "पुढची. दोन्ही बाजूंना वळणारी, एकसंध. शर्यतीच्या आधी हवी."

"तुम्ही तर म्हणायचात, बोटीला काच म्हणजे पैलवानाला चष्मा."

"अजूनही म्हणतो. पण लंबू अडून बसलाय ना."

लंबू हा राजाचा शर्यतीतला जोडीदार. असल्या बोटीला दोन माणसं लागतात. एकाचे हात स्टिअरिंगवर आणि डोळे पुढं. दुसऱ्याचा हात थ्रॉटलवर, म्हणजे वेग किती द्यायचा आणि लाटेवर बोट उडाली की किती तोडायचा, ते त्याच्याकडे. राजा स्टिअरिंग धरायचा, लंबू थ्रॉटल. आणि लंबू इतका उंच की खाली बसला तरी त्याचं डोकं खांबासारखं वर राहायचं, सगळा वारा त्याच्याच वाट्याला यायचा. नव्या बोटीत विंडशील्ड बसल्याशिवाय मी पाय ठेवणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं होतं.

वहिनीनं हात पुसले आणि बोटीभोवती एक फेरी मारली. बोट लांब, निमुळती, लालभडक होती. मागं दोन दांडगी इंजिनं. पुढं डॅशबोर्ड संपला की थेट सपाट नाक. मध्ये आडोसा म्हणून काही नाही.

"ठेवून जा," ती म्हणाली.

राजाला जरा आश्चर्य वाटलं असावं. आत बाकावर त्याचा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा, लाकडी साचा घासत होता. सगळं बंदर त्याला दादा म्हणायचं. त्यानं अख्खी मान वळवून राजाकडं पाहिलं, कारण त्या बाजूचा डोळा त्याला नव्हता. पाहिलं आणि परत साच्याकडं वळला.

दादाचा डोळा गेला तो राजाच्याच जुन्या बोटीत.

तेव्हा ती बोटही अशीच उघडी होती. दादानं तिला काच सुचवली होती, राजानं हसण्यावारी नेली होती. एका दुपारी दोघं भाऊ खाडीच्या तोंडाशी बोट पळवत होते. राजा स्टिअरिंगवर, दादा शेजारी थ्रॉटलवर. समोरून एक समुद्रपक्षी उठला. राजानं दोन्ही हात सोडून तोंड लपवलं आणि खाली वाकला. पक्षी दादाच्या तोंडावर आदळला. त्या वेगाला पक्षी म्हणजे दगडच. जबडा मोडला, डोळा गेला, आणि कुणाचाच हात नसलेली बोट डावीकडं वळून एका कोळ्याच्या होडीवर चढली. कोळ्याची मांडी मोडली. तो आजही काठीवर चालतो.

चौकशी झाली तेव्हा दादाचा जबडा तारांनी बांधलेला होता. राजानं सांगून टाकलं, स्टिअरिंगवर दादा होता. दादाला बोलता यायला लागलं, तेव्हा सासूबाई पलंगाजवळ बसून होत्या. "तुझा डोळा तर गेलाच, आता बोटीच्या परवान्याचं तुला काय? त्याचं अजून सगळं व्हायचंय," असं म्हणून त्यांनी थोरल्यापुढं हात जोडले. दादानं मूग गिळले. बंदराच्या ऑफिसनं त्याचा परवाना रद्द केला, आणि ज्याच्या हातची बोट लोक डोळे मिटून पाण्यात घालायचे, तो दादा निष्काळजी म्हणून ओळखला जाऊ लागला.

इथवरही वहिनीनं कसंबसं गिळलं असतं. पण राजा तेवढ्यावर थांबला नाही. खोटं एकदा बोलून झालं की माणूस ते विसरायला बघतो; राजानं ते खुलवायला घेतलं. एका लग्नाच्या जेवणात पलीकडच्या टेबलावर तो चार मित्रांना सांगत होता, "दादा घाबरला रे. पक्षी दिसला आणि हातच सोडले त्यानं. वय झालं की होतं असं." मित्र हळहळले. शेजारच्या टेबलावर दादा मऊ भात चमच्यानं सावकाश तोंडात ढकलत होता, आणि त्याला सगळं ऐकू येत होतं. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्या दिवसापासून डूख धरला.

आता बोट तिच्या दारात होती.

पहिला विचार आला तो वाईटच. बोटीची काच म्हणजे खरं तर अ‍ॅक्रिलिक, जाड पारदर्शक प्लॅस्टिक; ते ओव्हनमध्ये तापवलं की चादरीसारखं लोंबतं. ते साच्यावर टाकून सावकाश निवू द्यायचं, मग कडेनं भोकं पाडायची. भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवावी लागतात, कारण ऊन लागलं की काच वाढते, थंडीनं आकसते. भोकं घट्ट ठेवली तर दिसायला काहीच दिसत नाही. काच बसते, चमकते. मग एखाद दिवशी भर वेगात एका भोकापासून तडा जातो आणि सगळी काच माणसाच्या तोंडावर येते.

पुठ्ठ्याचा नमुना कापताना ती बराच वेळ याचा विचार करत होती. शेवटी तो सोडला, पण दया आली म्हणून नव्हे. एक तर त्या काचेमागं लंबूही बसणार होता, आणि त्यानं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. आणि दुसरं, राजाला काही झालं असतं तर तो बिचारा झाला असता. लोक त्याच्या फोटोपुढं उभं राहून हळहळले असते. तिला तो बिचारा व्हायला नको होता. त्यानं जे दादाच्या नावावर खपवलं, ते त्याच्या अंगावर सगळ्यांना दिसायला हवं होतं.

तिनं राजाला फोन केला.

"भाऊजी, काच वाकवण्याआधी एक चक्कर मारावी लागेल. वारा नाकावरून कसा येतो ते बघायचंय. मी डेकवर लोकरीचे तुकडे चिकटवते, ते कुठं उडतात ते बघून काचेचा उतार ठरवता येईल."

हे खरंच होतं. दादा आणि ती पूर्वी प्रत्येक बोटीची अशीच चाचणी घ्यायचे, तो स्टिअरिंगवर, ती थ्रॉटलवर. बंदरात थ्रॉटलवर तिचा हात बसलेला होता, हे राजालाही माहीत होतं.

"लंबू काचेशिवाय बसत नाही," राजा म्हणाला.

"म्हणून तर मी बसते."

मग तिनं लंबूला फोन करून सांगितलं की काचेच्या उंचीसाठी तुमचं माप हवंय, धक्क्यावर या. सासूबाईंना म्हणाली, "आई, भाऊजींची नवी बोट पाण्यात उतरतेय, बघायला चला." धाकट्याचं कौतुक बघायला सासूबाई कधीही तयार असत. दादाला तिनं काही सांगितलं नाही. तो स्वतःच आला, लोकरीचा गुंडा आणि चिकटपट्टी घेऊन.

सकाळ स्वच्छ होती. धक्क्यावर नेहमीचे चारदोन लोक दोऱ्या आवरत होते. वहिनीनं पोहण्याचा घट्ट चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दुसरा राजापुढं धरला.

"हा घाला."

"माझा आहे," म्हणून राजानं आपला भारीतला काळा गॉगल नाकावर सारखा केला. तिनं पुन्हा आग्रह केला नाही. एकदा सांगितलं तेवढं पुरे, असं तिनं आधीच ठरवलं होतं.

दोघांनी कानाला हेडफोन लावले, त्याशिवाय इंजिनांपुढं एकमेकांचं ऐकू येत नाही. माणूस बाहेर फेकला गेला तर इंजिन बंद पाडणारी दोरी तिनं आपल्या जाकिटाला अडकवली. बोट निघाली. पहिली फेरी तिनं बेतानं काढली. लोकरीचे तुकडे मधोमध उभे राहत होते आणि कडेला फडफडत होते. उतार किती लागेल ते तिनं मनाशी पक्कं केलं. काम ते काम. धक्क्यासमोरून जाताना राजानं आईला हात केला.

"झालं?" त्यानं विचारलं.

"आता वेगात. वळवून घ्या."

त्यानं बोट वळवली. वहिनीनं पाणी नीट न्याहाळलं. एकही होडी नव्हती. लांबवर फक्त एक फेरीबोट आडवी चालली होती. तिनं थ्रॉटल पुढं ढकलला.

बोटीनं नाक उचललं, मग टेकवलं, आणि पाणी खालून पत्र्यासारखं वाजू लागलं. वारा आता वारा राहिला नव्हता. कुणीतरी तळहातानं तोंड मागं लोटावं तसा तो लोटत होता. राजाचा गॉगल निघाला आणि गेला. कुठं गेला ते दोघांनाही दिसलं नाही.

"वहिनी, कमी कर."

"स्टिअरिंग धरा."

"मला दिसत नाहीये. डोळ्यांतनं पाणी येतंय."

"एक डोळा मिटा. एकानंही चालतं. तुमच्या दादांचं चालतंच आहे."

राजानं वळून तिच्याकडं पाहिलं. तिनं थ्रॉटल आणखी थोडा सारला.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"त्या दिवशी इथं कोण बसलं होतं?"

"कमी कर आधी."

"तू बसला होतास," ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. आज आवाज चढवायचीही गरज पडली नाही, हेडफोन अगदी कानाशी होता. "तू बसला होतास, तूच हात सोडलेस, आणि घाबरला कोण, तर ते. भर जेवणात सांगत होतास. ते तिथंच बसले होते रे."

राजाचे ओठ मागं ओढले गेले होते, गाल थरथरत होते. स्टिअरिंग मात्र त्यानं धरून ठेवलं होतं, आणि क्षणभर वहिनीला वाटलं, हा धरूनच ठेवणार. आपण याला कमी लेखलं.

फेरीबोट पुढून निघून गेली होती, पण तिच्यामागची लाट पाण्यावर अजून आडवी पसरलेली होती. वहिनीनं ती बघितली होती. ती लाट येणार हे तिला निघाल्यापासून माहीत होतं.

बोटीचं नाक लाटेवर आपटलं आणि पाण्याचा एक अख्खा पडदा डेकवरून सरळ आत आला. आडोसा नव्हताच. पाणी राजाच्या तोंडावर फुटलं, आणि त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून उठले, तोंडावर गेले, आणि तो डॅशबोर्डच्या खाली गेला.

बोट डावीकडं वळली.

वहिनीचा डावा हात मघापासून मांडीवर मोकळाच होता. त्यानं तिनं स्टिअरिंग पकडलं, उजव्यानं थ्रॉटल मागं ओढला. बोट कुशीवर कलली, इतकी की हात लांबवला असता तर पाण्याला लागला असता. मग ती धपकन सरळ झाली आणि डुलत उभी राहिली. धक्का आता जवळ होता. इतक्या जवळ येईल असं तिनं धरलं नव्हतं.

राजा खालीच होता, गुडघे पोटाशी घेऊन, हात डोक्यावर.

"ऊठ," ती म्हणाली. "सगळे बघताहेत."

वहिनीनं बोट हळूहळू धक्क्याला लावली. दोर लंबूनं पकडला. सासूबाई तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. राजा चिंब भिजलेला, डोळे लाल, वर चढताना दोनदा घसरला.

"हिनं मुद्दाम केलं," तो म्हणाला. "डोकं फिरलंय हिचं. थ्रॉटल सोडतच नव्हती."

"मुद्दामच केलं," वहिनी म्हणाली.

लंबूनं दोर खुंट्याला गुंडाळला, अगदी सावकाश. मग राजाकडं वळला. "थ्रॉटल त्यांच्याकडं होता, खरं आहे. पण स्टिअरिंग तुझ्याकडं होतं ना?"

"तोंडावर पाणी आलं रे."

"शर्यतीतही येईल."

"तेव्हा काच असेल."

"आणि काच फुटली तर मी शेजारी बसलेला असेन." मग लंबूनं दादाकडं पाहिलं. "दादा, एक विचारू? त्या दिवशी स्टिअरिंगवर कोण होतं?"

हे वहिनीनं ठरवलेलं नव्हतं. लंबूनं आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढाच तिचा बेत होता. दादा बोलेल अशी आशा तिनं कधीच सोडून दिली होती.

दादानं आईकडं पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे रे, आता ते कशाला उकरायचं." पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, आणि त्या थोरल्याकडं न बघता धाकट्याच्या ओल्या कपड्यांकडं बघत होत्या.

"मी नव्हतो," दादा म्हणाला. मोडून सांधलेल्या जबड्यातून त्याचे शब्द जाड यायचे. नवख्या माणसाला पुन्हा विचारावं लागायचं. पण हे दोन शब्द धक्क्यावरच्या दोऱ्या आवरणाऱ्यांनाही कळले.

लंबूनं मान हलवली. जाकीट उचललं. "दुसरा कुणी बघ, राजा," एवढं बोलून तो गेला.

दुसरा कुणी मिळाला नाही. थ्रॉटलवर बसणारी माणसं मोजकीच असतात, एकमेकांना ओळखून असतात, आणि प्रत्येकाला आपला जीव असतो. राजानं या बंदरावर शब्द टाकला, त्या बंदरावर टाकला. कुणी कंबरदुखीचं निमित्त सांगितलं, कुणी बायको नको म्हणते असं सांगितलं. एकानं तोंडावर सांगितलं, हात सोडणाऱ्याशेजारी मी बसत नाही. शर्यत झाली. राजाची बोट ताडपत्री घालून वर्कशॉपच्या आवारातच पडून होती.

चाचणीच्या त्या दिवशी घरी आल्यावर दादानं दार लावलं आणि विचारलं, "मरायचं होतं का तुला?"

"नाही."

"मग हे काय होतं?"

"मला त्याला तसं बघायचं होतं. खाली लपलेला."

"बघितलंस?"

"बघितलं."

"बरं वाटलं?"

"हो," वहिनी म्हणाली.

ती रडेल, निदान खाली बघेल, असं त्याला वाटलं असावं. ती त्याच्या चांगल्या डोळ्याकडं सरळ बघत राहिली. "आणि तिथं एखादी होडी असती तर?" त्यानं विचारलं. "माझ्यासाठी आणखी एकाचा पाय मोडला असतास?"

"मी बघून घेतलं होतं."

"मीसुद्धा त्या दिवशी बघून घेतलं होतं," दादा म्हणाला आणि आवारात निघून गेला.

एवढं एकच वाक्य तिला लागलं. बाकी कशाचंच तिला वाईट वाटलं नाही. आज नाही तर उद्या वाटेल म्हणून ती वाट बघत होती. पण कामं चालू होती, झोप गाढ येत होती, जेवण गोड लागत होतं. दादा कित्येक दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. मग एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो बंदराच्या ऑफिसात गेला आणि आपला जबाब नव्यानं लिहून देऊन आला. परवाना परत मिळायचा नव्हता, एका डोळ्यावर तो देत नाहीत. पण येताना तो त्या काठीवर चालणाऱ्या कोळ्याच्या घरी जाऊन बसला, बराच वेळ. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही. घरी आल्यावर मात्र तिच्यासाठी चहा त्यानंच टाकला.

सासूबाई मधे एकदा येऊन गेल्या. "तू माझी मुलं तोडलीस," म्हणाल्या.

"तुटलेलीच होती, आई. तुम्ही थोरल्याच्या जबड्याच्या तारेनं बांधून ठेवली होती."

त्यावर त्या उठून गेल्या. पण हल्ली त्यांचा फोन थेट दादाला येतो. पूर्वी राजाकरवी निरोप यायचा.

काम घेतलं होतं, म्हणून वहिनीनं काच केली. पुठ्ठ्यावरून नमुना उतरवला, शीट तापवलं, दादानं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ते साच्यावर टाकलं. भोकं स्क्रूपेक्षा मोठी, प्रत्येकात रबराची चकती. लोकरीच्या तुकड्यांनी सांगितला होता तसाच उतार. कड पॉलिश केल्यावर काच आहे की नाही ते हात लावूनच कळावं, इतकी नितळ. तिच्या हातून झालेल्या चांगल्या कामांतलं ते एक होतं, आणि ते तिला माहीत होतं.

राजा बोट न्यायला आला तेव्हा त्यानं बोटीला गिऱ्हाईक शोधलं होतं. दुसऱ्या कुठल्या तरी किनाऱ्यावरचा माणूस, इथलं काही माहीत नसलेला. राजाची दाढी वाढली होती, आवाज खाली आला होता. त्यानं काचेवरून बोट फिरवलं.

"छान झालीय," म्हणाला. वहिनी ट्रेलरचे पट्टे आवळत होती. "वहिनी, आता तरी झालं ना तुझं समाधान?"

तिनं खरोखरच विचार केला. उत्तर तयार असतं तर तिनं लगेच फेकलं असतं.

"माहीत नाही, भाऊजी," ती म्हणाली. "झालं की कळवीन."

राजा गाडीत बसला. तिनं शेवटचा पट्टा हातानं ओढून बघितला, घट्ट होता. मग ट्रेलरवर थाप मारून तिनं त्याला निघायची खूण केली.